महिनाअखेरच्या जर्नल एन्ट्र्या: जुलैला नफा, ऑगस्टला तोटा, मग खरं काय धरायचं?

वाळूज_जमाखर्च
नमस्कार मंडळी. मी वाळूज एमआयडीसीत एका छोट्या प्रेस शॉपचं अकाउंट बघते, दीड वर्ष झालं. दुचाकीला लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट, क्लॅम्प असले पार्ट आम्ही मारतो. पर्मनंट २२ माणसं, गुत्तेदाराची ७, कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, काम टॅलीवर, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर.

आजवर डेप्रिसिएशन (मशिनच्या झिजेचा खर्च, म्हणजे घसारा), प्रोव्हिजन (बिल यायच्या आधीच अंदाजानं धरलेला खर्च) हे सगळं मार्चला सीए सरच करायचे. आता मालकांचा मुलगा ऑफिसात बसायलाय आणि त्याला दर महिन्याचा नफा-तोटा १० तारखेच्या आत पाहिजे. मला आवडलं ते, कुणीतरी आकडे विचारतंय म्हणून. पण मी टॅलीतून जसं निघालं तसं काढून दिलं तर जुलैला विक्री ४२ लाख, नफा ४ लाख १० हजार, आणि ऑगस्टला विक्री ४४ लाख तरी तोटा १ लाख ६२ हजार! मालक म्हणले, "ताई, मशिनी त्याच, माणसं तीच, विक्री दोन लाखानं जास्त, मग पैसा गेला कुठं?" मला उत्तर देता आलं नाही. दोन दिवस झाले, जेवताना पण डोक्यात तेच चालूय.

तुम्ही लोक महिना बंद करताना कोणत्या एन्ट्र्या घेता, किती घेता, आणि आमच्यासारख्या छोट्या युनिटला कुठवर जायची गरज आहे ते सांगा. पुस्तकातलं नको, रोज करता ते सांगा.

लेथवाला_चिकलठाणा
आधी ऑगस्टला लाइटबिलं किती पडलीत ते मोजा. दोन निघतील बगा. गुत्तेदाराची पण दोन.

जालन्याचा_मुनीम
मी रोलिंग मिलमध्ये ३१ वर्षं काढली, सळईच्या धंद्यात. कीर्द-खतावणी हातानं लिहिलेला माणूस आहे मी. माझं मत सरळ आहे, बिल आलं की टाका, पैसे गेले की टाका, रोजमेळ रोज जुळवा आणि मार्चला ताळेबंद करा. दर महिन्याला अंदाजानं खर्च टाकायचा आणि पुढच्या महिन्यात परत काढायचा, यात चुका वाढतात आणि अकाउंटंटची रात्र जाते. वर्षाला सगळं एक होतंच की. लहान धंद्याला एवढा पसारा नको.

शेंद्रा_शिफ्ट_बी
मुनीमकाका, तुमचा मान ठेवून विचारतो. रोलिंग मिलला विजेचा खर्च मोठा. एका महिन्याचं लाइटबिल राहिलं आणि पुढच्या महिन्यात दोन पडले तर मिल चालवायची की बंद करायची हे मालक कशावरून ठरवणार? वर्षाला एक होतं हे खरं, पण रेट मागायला गिऱ्हाइकाकडं जायचं असतं ते सप्टेंबरमध्ये, मार्चमध्ये नाही.

ताई, माझी पद्धत सांगतो. मी ऑटो पार्टच्याच युनिटला आहे, तुमच्यापेक्षा थोडं मोठं. २५ तारखेला एक कागद घेतो आणि लिहितो की या महिन्यात आपण काय काय वापरलं ज्याचं बिल अजून आलं नाही. वीज, गुत्तेदार, ट्रान्सपोर्ट, प्लेटिंग आणि पावडर कोटिंगवाला, सीएची फी, सिक्युरिटी. मग उलटं लिहितो, की पैसे गेले पण वापर अजून बाकी आहे असं काय. फायरचा विमा, मशिनचा वार्षिक मेंटेनन्स करार, सॉफ्टवेअरचं रिन्यूअल. हे दोन कागद झाले की निम्मं काम झालं. तिसरं म्हणजे घसारा, बोनस, ग्रॅच्युइटी, टर्म लोनचं व्याज, जे कुणी बिल पाठवत नाही म्हणून विसरतं.

एन्ट्री काही अवघड नाही, टॅलीत एफ ७ दाबून जर्नल उघडायचं, ३१ तारखेला खर्च नावे आणि 'खर्च देणे' असं एक खातं जमा. आणि १ तारखेला तीच एन्ट्री उलटी. उलटी केली नाही तर पुढं खरं बिल आलं की खर्च दोनदा बसतो, सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. आणखी एक, टॅलीत 'रिव्हर्सिंग जर्नल' म्हणून व्हाउचर दिसतं, नाव बघून वाटतं हेच पाहिजे. त्यात जाऊ नका. ते खात्यात खरं पोस्ट होत नाही, सिनारिओ (तात्पुरत्या अंदाजाचा रिपोर्ट) लावला तरच रिपोर्टमध्ये दिसतं. माझ्या जागी आधी होता त्या मुलानं तीन महिने त्यात एन्ट्र्या केल्या होत्या आणि नफा का हलत नाही म्हणून बसला होता.

डाळमिल_लातूर
शेंद्रावाले भाऊ, रिव्हर्सिंग जर्नलचं लई बरं सांगितलं. मी आजच उघडून बघतो आमचं.

पण १ तारखेला सगळं उलटं करण्यापेक्षा आमच्याकडं दुसरी रीत आहे. प्रोव्हिजनचं खातं पार्टीवार ठेवायचं आणि बिल आलं की खर्चाला नावे न टाकता त्या प्रोव्हिजनलाच नावे टाकायचं, जो फरक राहील तेवढाच खर्चात. म्हणजे कोणाचं बिल यायचं राहिलं ते खात्यात उघडं दिसतं. ६ महिने तसंच पडून असलं तर समजायचं की एकतर बिल हरवलं नाहीतर प्रोव्हिजनच खोटी होती.

शेंद्रा_शिफ्ट_बी
ही पण चांगली रीत आहे, फक्त बिल टाकणारा माणूस तोच पाहिजे ज्याला प्रोव्हिजन माहीत आहे. आमच्याकडं बिलं एक मुलगा टाकतो आणि प्रोव्हिजन मी करतो, तो सवयीनं खर्चातच टाकणार. म्हणून उलटी एन्ट्री. ताई एकट्याच असतील तर लातूरची रीत चालेल.

वाळूज_जमाखर्च
मी एकटीच आहे. चहा सोडून सगळं मीच करते :)

लेथवाले दादा, तुमचा अंदाज बरोबर निघाला. जुलैचं लाइटबिल ५४,००० मी ७ ऑगस्टला टाकलं होतं आणि ऑगस्टचं बिल आल्यावर ३१ ऑगस्टची तारीख घातली. गुत्तेदाराचं पण तसंच, जुलैचे ८६,००० ऑगस्टला पडले आणि ऑगस्टचे पण ऑगस्टलाच. म्हणजे १ लाख ४० हजाराचा उलगडा झाला. पण फरक त्याहून मोठाय.

जालन्याचा_मुनीम
शेंद्रावाल्यांचं विजेचं मला पटलं, ते मी मागं घेतो. खरं सांगायचं तर मिलमध्ये आम्ही १ तारखेला सकाळी सहाला मीटरचं रीडिंग घ्यायचो, मालकांच्या वडिलांची सवय होती ती, आणि टनाला किती युनिट लागले ते फळ्यावर लिहायचो. त्याला प्रोव्हिजन म्हणत नव्हतो एवढंच. ताई, तुम्ही पण दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी मीटरचा फोटो काढून ठेवा. युनिट गुणिले मागच्या बिलाचा सरासरी दर, वर फिक्स्ड चार्ज, बिल त्याच्या जवळपास येतं. बिल २५ ला आलं का ५ ला याच्यावर मग काही अवलंबून राहत नाही.

बाकी मत कायम आहे. ज्या गोष्टीनं निर्णय बदलत नाही तिची एन्ट्री महिन्याला नको. पाचशे रुपयाच्या कुरिअरची प्रोव्हिजन करणारी माणसं बघितलीत मी.

हुरडा_आणि_हिशोब
+१ मुनीमकाकांना. आम्ही ५,००० च्या खालचं काही धरत नाही, तेवढं मालकाला सांगून ठेवलंय आणि लिहून ठेवलंय.

कॉस्टिंग_पैठण
ताई, स्टॉक कोण मोजतं? सगळे खर्चाच्या मागं लागलेत पण मॅन्युफॅक्चरिंगमध्ये नफा-तोटा सगळ्यात जास्त हलतो तो शिलकी मालानं. मी पैठण रोडच्या एका युनिटमध्ये कॉस्टिंग बघते. माझे तीनच प्रश्न आहेत. ३१ जुलैला जो माल गेटच्या आत आला त्याची बिलं जुलैलाच पडली का? ३१ ऑगस्टला तुमचा माल बाहेर जॉब वर्कला (प्लेटिंगसारखं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला) कुठं कुठं होता? आणि प्रेसच्या बाजूला अर्धवट झालेला जो माल असतो, एक ऑपरेशन झालेला, दुसरं बाकी, त्याला तुम्ही पत्र्याचा भाव लावता की मजुरी धरून?

स्टोअरमधलं जीआरएन रजिस्टर (आलेल्या मालाच्या नोंदीचं) आणि गेटचं रजिस्टर घ्या, महिन्याचे शेवटचे पाच दिवस आणि पुढच्या महिन्याचे पहिले पाच दिवस, आणि एकेक ओळ पर्चेसशी लावून बघा. तासाभराचं काम आहे.

डाळमिल_लातूर
पैठणच्या ताई एकदम बरोबर. आमच्या डाळमिलमध्ये तर तूर वाळते, वजन घटतं, ती वाळ धरली नाही तर स्टॉक कागदावर जास्त दिसतो. आणि चुनी, भुसा यांचा पण भाव असतो, ती पोती मोजायची राहिली की तेवढा नफा कमी. प्रेस शॉपमध्ये स्क्रॅपचं तसंच असणार, कटिंगचे तुकडे महिनाभर साठतात आणि भंगारवाला येतो पुढच्या महिन्यात.

मोजणीची तारीख पण आधी ठरवून ठेवा. २०२४ ला येळवस (वेळ अमावस्या) ३० डिसेंबरला आली, आणि आमच्याकडं येळवशीला मिलमध्ये कोण थांबतंय, सगळे शेतात, आंबील आणि भज्जी. ३१ ला निम्मी माणसं परतलीच नव्हती. मी आणि वॉचमनमामा दोघांनी पोती मोजली, रात्री साडेनऊपर्यंत. तेव्हापासून मोजणी सणाच्या आधी उरकतो आणि मधल्या दिवसांचं आवक-जावक लावून ३१ चा आकडा काढतो.

लेथवाला_चिकलठाणा
आंबिलीचं नाव काढलं. आता धाग्यात लक्ष लागत नाही.

गोदाकाठ_नांदेड
लातूरवाले, भज्जी खरी आमच्याकडची. धागा वेगळा काढा, तिथं भांडू.

सीए_आर्टिकल_नांदेड
मी आर्टिकलशिप करतो, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकतो, ऑडिटला अशी युनिट्स बघतो म्हणून चार गोष्टी जोडतो.

गुत्तेदाराची प्रोव्हिजन करताना टीडीएस (पैसे देतानाच कापायचा टॅक्स) विसरू नका. खात्याला नाव 'खर्च देणे' असलं तरी कुणाचे पैसे आहेत ते माहीत असताना जमा केलं की कपात लागू होते, बिल आलं नाही ही सबब चालत नाही. गुत्तेदार व्यक्ती किंवा एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) असेल तर १ टक्का, बाकीच्यांना २, आणि भरणा पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत. जीएसटी मात्र प्रोव्हिजनमध्ये धरू नका, क्रेडिट मिळतं त्या खर्चाला. बिल आल्याशिवाय आणि जीएसटी पोर्टलवरच्या २बी पत्रकात दिसल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही, म्हणून प्रोव्हिजन जीएसटी सोडून.

कंपनी असल्यामुळं घसारा कंपनी कायदा २०१३ च्या शेड्यूल २ प्रमाणं. साध्या प्लांट-मशिनरीला १५ वर्षं आयुष्य. १८ लाखाची प्रेस असेल, सरळ रेषेनं, ५ टक्के भंगारमूल्य सोडून, तर १७ लाख १० हजार भागिले १५ म्हणजे वर्षाला १,१४,००० आणि महिन्याला ९,५००. डबल शिफ्ट चालत असेल तर त्या दिवसांपुरता घसारा ५० टक्के जास्त धरायचा असतो. इन्कम टॅक्सचा १५ टक्क्याचा हिशोब वेगळा, तो महिन्याच्या पत्रकात आणू नका.

प्लेटिंगवाला सूक्ष्म किंवा लघु म्हणून रजिस्टर असेल तर त्याचं देणं करार नसेल तर १५ दिवसात आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसात द्यायचं. ज्याला सगळे ४३ बी एच म्हणतात तो इन्कम टॅक्सचा नियम आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आहे, उशीर केला तर खर्चाची वजावट पैसे देता त्या वर्षात जाते. म्हणून त्याची प्रोव्हिजन वेगळ्या खात्यात ठेवा, तारीख डोळ्यासमोर राहते.

जालन्याचा_मुनीम
पोरा, नीट सांगितलंस. पण प्रोव्हिजन बघून मालकाला कळतं का की हा पैसा बँकेतून अजून गेलेला नाही? मी बघितलंय, कागदावर नफा दिसतो आणि मालक म्हणतो पैसे कुठायत.

सीए_आर्टिकल_नांदेड
काका, त्यासाठी खाली एक ओळ द्यावी लागते की एवढी रक्कम देणं बाकी. बँकेशी पण संबंध आहे याचा. सीसी लिमिट (माल आणि येणी तारण ठेवून घेतलेलं बँकेचं खेळतं कर्ज) असेल तर दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट जातं. कॉइल मोजली पण तिचा देणेकरी दाखवला नाही तर ड्रॉइंग पॉवर (त्यातून किती उचलता येईल तो आकडा) खोटी वाढते. आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपन्यांना ताळेबंदाच्या टिपांमध्ये लिहावं लागतं की बँकेला दिलेली तिमाही पत्रकं हिशोबाशी जुळतात की नाही.

वाळूज_जमाखर्च
सगळ्यांचे मनापासून आभार, आता ऐका काय निघालं ते.

गेट रजिस्टर घेऊन बसले. ३१ जुलैला संध्याकाळी पावणेसातला २ टन कॉइल आत आली, ७१ रुपये किलोची, जीएसटी सोडून १ लाख ४२ हजार. स्टोअरच्या काकांनी प्रामाणिकपणे मोजून जुलैच्या स्टॉकमध्ये धरली. बिल माझ्याकडं आलं ३ ऑगस्टला, मी ऑगस्टच्या पर्चेसला टाकलं. म्हणजे जुलैला माल फुकटचा आणि ऑगस्टला खर्च दुसऱ्याचा. काकांची यात काही चूक नाही, मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

मग पैठणच्या ताईंचा दुसरा प्रश्न. मालकांच्या मुलाला म्हणलं चला प्लेटिंगवाल्याकडं. पाच मिनिटांवर आहे, पण दीड वर्षात मी तिथं गेले नव्हते. आत गेल्या गेल्या ॲसिडचा वास नाकात चढतो, जमीन ओली, आणि भिंतीला लागून पिवळे क्रेट एकावर एक. खालच्या चार क्रेटवर खडूनं आमचा पार्ट नंबर, आणि सुतळीनं बांधलेलं आमचंच चलन, २८ ऑगस्टचं, कोपरे भिजलेले. लाइनला त्यांचा रेक्टिफायर बिघडला होता म्हणून माल तसाच. काट्यावर घातलं, ६४० किलो. पत्रा आणि प्रेसची मजुरी धरून ७५ रुपये किलोनं ४८,०००. हा माल आमच्या ऑगस्टच्या स्टॉकमध्ये कुठंच नव्हता, कारण आमच्या छपराखाली नाही ते मोजायचंच नाही अशी रीत होती. मुलगा तिथंच क्रेटवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणला, म्हणजे तोटा इथं पडलाय होय.

कॉस्टिंग_पैठण
वा ताई! हेच पाहिजे होतं. जॉब वर्कची चलनं पार्टीवार लिहून ठेवत चला, गेलं किती, आलं किती, स्क्रॅप किती. जीएसटीत कच्चा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर पाठवल्या दिवशीच विक्री झाली असं धरतात आणि टॅक्स व्याजासकट मागतात. एकाच यादीनं दोन्ही कामं होतात.

आणि गिऱ्हाइकाची डेबिट नोट (खराब मालाचे पैसे कापल्याचा कागद) बघितली का? ऑटोमध्ये रिजेक्शन पुढच्या महिन्यात कापतात.

वाळूज_जमाखर्च
बघितली, आणि ती उलट्या बाजूची निघाली. ऑगस्टच्या मालाचं रिजेक्शन ६२,०००, नोट १२ सप्टेंबरची. ती ऑगस्टलाच धरायला पाहिजे ना?

कॉस्टिंग_पैठण
हो, माल ऑगस्टचा, दोष ऑगस्टचा, आणि ऑगस्टचं पत्रक अजून तुमच्या हातात आहे. धराच.

शेंद्रा_शिफ्ट_बी
आणि विमा, बोनस?

वाळूज_जमाखर्च
फायरचा विमा १ ऑगस्टपासून वर्षाचा, ४८,००० सगळा ऑगस्टला टाकलेला. त्यातला महिन्याचा ४,००० ठेवला, ४४,००० प्रीपेडला, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या खर्चाला नेला. बोनस २२ माणसं, सरासरी १२,००० वर ८.३३ टक्के म्हणजे महिन्याला साधारण २२,०००. घसारा मशिनरी ७२ लाखावर आर्टिकलभाऊंनी सांगितलेल्या हिशोबानं ३८,०००. एकच शिफ्ट आहे आमची. हे दोन्ही मिळून ६०,००० दोन्ही महिन्यांना लावले.

आता अडलेय एका जागी. जुलै उघडून तिथं एन्ट्र्या करू, की सगळं सप्टेंबरला टाकू? मालकांना जुलैची प्रिंट आधीच दिलीय.

डाळमिल_लातूर
उघडा की. वर्ष तेच आहे.

शेंद्रा_शिफ्ट_बी
मी नाही उघडत. एकदा कागद दिला की महिना बंद. उद्या मालक म्हणतील जुलैचा नफा कितीदा बदलणार.

सीए_आर्टिकल_नांदेड
कायद्यानं जर्नल टाकायला अडचण नाही, बिलांच्या तारखा आणि जीएसटीला हात लावायचा नाही एवढं पाळा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग चालू ठेवावा लागतो, म्हणजे कुणी कधी काय बदललं ते राहतंच. म्हणून जुनी एन्ट्री बदलू नका, नवीन जर्नल टाका आणि नॅरेशनमध्ये कारण लिहा. 'प्रोव्हिजन' एवढा एकच शब्द लिहू नका. 'जुलै वीज, मीटर रीडिंगप्रमाणे' असं लिहा. ऑडिटला आम्ही तेच वाचतो.

जालन्याचा_मुनीम
शेंद्रावाल्यांचं पुढच्यासाठी बरोबर आहे. पण ही पहिलीच वेळ आहे आणि दिलेला आकडा चुकीचा आहे हे ताईंना माहीत झालंय. माहीत असताना चुकीचा कागद मालकाच्या टेबलावर राहू द्यायचा नसतो. जुलै दुरुस्त करा, जुना आणि नवा दोन्ही शेजारी शेजारी लिहून द्या, फरक का पडला ते एकेका ओळीत. सप्टेंबरपासून मात्र १० तारखेला कुलूप.

शेंद्रा_शिफ्ट_बी
मान्य काका.

वाळूज_जमाखर्च
केलं. काकांनी सांगितलं तसं एका पानावर.

जुलै: ४,१०,००० मधून वीज ५४,०००, गुत्तेदार ८६,०००, कॉइल १,४२,००० आणि घसारा-बोनस ६०,००० गेले, राहिले ६८,०००. ऑगस्ट: तोटा १,६२,०००, त्यात जुलैचे तिन्ही मिळून २,८२,००० परत आले, विम्याचे ४४,००० आणि प्लेटिंगवरचे ४८,००० आले, रिजेक्शनचे ६२,००० आणि घसारा-बोनसचे ६०,००० गेले. नफा ९०,०००.

मालकांनी पान दोनदा वाचलं. पहिल्यांदा म्हणले, चार लाख म्हणून मी खूश होतो, ते ६८ हजारच होते तर. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं रागावले. नंतर रिजेक्शनच्या ओळीवर बोट ठेवून प्रॉडक्शनच्या सरांना आत बोलावलं आणि विचारलं, हे ६२ हजार कोणत्या डायचे आहेत. ते पान अजून टेबलाच्या काचेखाली आहे. डायला ग्राइंडिंगला पाठवलंय आजच.

लेथवाला_चिकलठाणा
डाय पाठवली त्याचं चलन केलं ना ताई?

वाळूज_जमाखर्च
केलं दादा. यादीत पहिली ओळ तीच आहे.